जीवनसत्त्वे आणि जनुकनियमन : मुंबई-पुण्याच्या संशोधनातून दिसणारा एका कल्पनेचा इतिहास

१

विसाव्या शतकाच्या आरंभी आहारशास्त्रात जीवनसत्त्वाची कल्पना आली, तेव्हा तिचे स्वरूप मूलतः अभावात्मक होते. ते द्रव्य अन्नात असले म्हणजे काय घडते हे कोणासच ठाऊक नव्हते. ते नसले म्हणजे काय बिघडते, एवढेच दिसत होते. बेरीबेरी, स्कर्व्ही, मुडदूस, रातांधळेपणा या रोगांच्या रूपाने त्या द्रव्यांची पहिली ओळख झाली. आज त्याच द्रव्यांचा अभ्यास अगदी निराळ्या भूमिकेवरून होतो. कोणत्या जनुकाचा संदेश पेशीत केव्हा आणि किती प्रमाणात वाचला जावा, हे ठरविणाऱ्या व्यवस्थेत जीवनसत्त्वांचा हात असतो, असे आता मानले जाते. आणि त्या व्यवस्थेतील अलीकडे ज्ञात झालेला एक घटक म्हणजे सूक्ष्म आरएनए हा होय.

अभावरोगापासून जनुकनियमनापर्यंतचे हे स्थित्यंतर सामान्यतः युरोप-अमेरिकेतील प्रयोगशाळांचा इतिहास म्हणून सांगितले जाते. त्यातील दोन महत्त्वाचे टप्पे मात्र महाराष्ट्रात घडलेले आहेत. पहिला १९२८ नंतरच्या काही वर्षांत मुंबईच्या गिरणगावात, आणि दुसरा १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत. दोन्ही ठिकाणी अभ्यासाचा विषय गरोदर स्त्रीचे अन्न व रक्त हाच होता. दोन्ही ठिकाणी ज्या दोन द्रव्यांपाशी संशोधन येऊन ठेपले ती, म्हणजे फोलेट आणि ब-१२, रसायनदृष्ट्या एकमेकांशी जखडलेली आहेत. या दोन टप्प्यांचा परस्परसंबंध दाखविणे, आणि त्यातून आज निघणारी विधाने कितपत सिद्ध आहेत याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

आरंभ शब्दापासून करणे उचित होईल. 'व्हिटॅमिन' हा शब्द कॅझिमिर फंक याने १९१२ मध्ये घडविला. लॅटिन 'व्हिटा' म्हणजे जीवन, आणि 'अमीन' हा नत्रयुक्त संयुगांचा एक वर्ग, यांच्या जोडणीतून तो सिद्ध झाला. यांतील बहुतेक द्रव्ये अमीन नाहीत हे पुढे दिसून आले, तेव्हा जॅक ड्रमंड याने १९२० मध्ये इंग्रजी शब्दाच्या शेवटचे 'ई' हे अक्षर गाळावे असे सुचविले. अशा रीतीने एका चुकीच्या अनुमानाचा अवशेष जगातील बहुतेक भाषांत रूढ होऊन बसला.

मराठीने तो अवशेष स्वीकारला नाही. 'जीवनसत्त्व' या शब्दात 'व्हिटा'चे भाषांतर आहे. 'अमीन'च्या जागी मात्र 'सत्त्व' हा पूर्वीपासून रुळलेला शब्द आला आहे. गुळवेलीचे सत्त्व, नाचणीचे सत्त्व हे प्रयोग घरोघरी परिचित आहेत. मूळ पदार्थ भिजवावा, वाटावा, वस्त्रगाळ करावा, चोथा टाकावा आणि तळाशी साचलेला शुभ्र अंश वाळवून घ्यावा, अशी ही क्रिया आहे. सत्त्व म्हणजे चोथा वगळल्यावर उरणारा शुद्ध, सूक्ष्म अंश, हा अर्थ या क्रियेतून शब्दात मुरलेला आहे.

प्रत्यक्ष इतिहास याच्या नेमका उलट आहे. ख्रिस्तियान आइकमन याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात बटाव्हिया येथे कोंबड्यांवर जे प्रयोग केले, त्यांत सडलेला पांढरा तांदूळ खाणाऱ्या कोंबड्या पंगू झाल्या, आणि तांदळावरून काढलेला कोंडा दिल्यावर त्या बऱ्या झाल्या. म्हणजे जीवनाला आवश्यक असलेला अंश शुद्ध पदार्थात नव्हता. तो टाकून दिलेल्या भागात होता. पुढे मुंबईत जे औषध उपयोगी पडले तेही बिअर तयार झाल्यानंतर उरणाऱ्या किण्वापासून, म्हणजे एका उद्योगाच्या गाळापासून, काढलेले होते. शब्दाने एक दिशा सुचविली आणि वस्तुस्थितीने दुसरी दाखविली, असे या शास्त्रात एकदाच घडलेले नाही. त्याची पुनरावृत्ती पुढे जनुकशास्त्राच्या परिभाषेतही आढळते.

परिभाषेच्या या प्रश्नाशी नागपूरचा संबंध जुना आहे. डॉ. रघुवीर यांची सरस्वती विहार ही संस्था लाहोरहून नागपुरास आली, आणि धातू, उपसर्ग व प्रत्यय यांच्या आधारे शास्त्रीय संज्ञा घडविण्याचे त्यांचे कार्य येथे विस्तारले. त्यांचा प्रशासकीय व शैक्षणिक संज्ञांचा बृहत् इंग्रजी-हिंदी कोश १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. हिंदीने पुढे 'व्हिटॅमिन' आणि 'जीन' हे शब्द जवळजवळ जसेच्या तसे चालविले. मराठीत मात्र 'जीवनसत्त्व' आणि 'जन्' धातूवरून साधलेला 'जनुक' हे दोन्ही शब्द शाळेच्या पाठ्यपुस्तकांपर्यंत पोहोचले. मराठी वाचक या विषयात शिरतो तो या दोन देशी शब्दांच्या द्वारे, ही गोष्ट ध्यानात ठेवणे पुढील विवेचनास उपयुक्त ठरेल.

३

१९२८ मध्ये ल्यूसी विल्स ही इंग्रज वैद्य मुंबईत आली. तिचा जन्म १८८८ चा. शिक्षण केंब्रिज येथे व लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात झालेले. गरोदरपणात व बाळंतपणात होणाऱ्या मृत्यूंची चौकशी इंडियन रिसर्च फंड असोसिएशनच्या वतीने चालू होती, तिच्या अंतर्गत एका विशिष्ट रक्तक्षयाचा शोध घेण्याचे काम तिच्याकडे आले. परळ येथील हाफकिन संस्था हे तिच्या कामाचे केंद्र होते. परळ म्हणजे गिरण्यांचा परिसर; रुग्णांत गिरणी कामगार वर्गातील गरीब स्त्रियांचा मोठा भरणा होता.

हा रक्तक्षय लोहाच्या अभावाने होणाऱ्या रक्तक्षयाहून वेगळा होता. लोहाच्या अभावात तांबड्या पेशी लहान व फिकट होतात. येथे त्या संख्येने थोड्या आणि आकाराने मोठ्या झालेल्या आढळत. सूक्ष्मदर्शकातून पाहता हे चित्र मारक रक्तक्षयासारखे, म्हणजे १९२६ मध्ये मायनट व मर्फी यांनी यकृताचा आहार देऊन ज्यावर उपाय शोधला होता त्या रोगासारखे, दिसे. परंतु तो रोग प्रामुख्याने उतारवयात होणारा. मुंबईतील स्त्रिया तरुण होत्या, आणि त्यांचा आजार गरोदरपणाच्या उत्तरार्धात बळावत असे.

विल्सने प्रथम रोग्यांच्या घरात पाहिले, आणि हा तिच्या पद्धतीचा विशेष म्हटला पाहिजे. मुंबईतील स्त्रियांचा आहार आणि त्यांच्या राहणीतील आरोग्यविषयक परिस्थिती यांची पाहणी तिने एस. एन. तळपदे यांच्यासह केली, आणि ती १९३० मध्ये इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये प्रसिद्ध झाली. ज्या स्त्रियांच्या अन्नात भाजीपाला, फळे आणि प्रथिनयुक्त पदार्थ फारच थोडे होते त्यांच्यात हा रोग अधिक, असे दिसत होते. रोगजंतू किंवा विषारी द्रव्य हे कारण नसून अन्नातील उणीव हे कारण असावे, या अनुमानास येथे बळकटी आली.

पुढचे प्रयोग प्राण्यांवर झाले. पांढऱ्या उंदरांना निकृष्ट आहार देऊन तसा रक्तक्षय घडवून आणण्याचा पहिला प्रयत्न गोंधळाचा ठरला, कारण उंदरांच्या अंगावरील उवांतून पसरणारा एक संसर्ग स्वतःच रक्तक्षय उत्पन्न करीत होता. नंतर माकडांवर प्रयोग झाले. रोग जडलेल्या माकडास मार्माइट, म्हणजे किण्वाचा अर्क, दिल्यावर त्याचे रक्त सुधारले. हाच अर्क रुग्ण स्त्रियांना दिला गेला तेव्हा थोड्याच दिवसांत रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या. हे निष्कर्ष १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले.

सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण त्यानंतरचे आहे. मारक रक्तक्षयावर गुणकारी असलेला यकृताचा शुद्ध केलेला अर्क या स्त्रियांना उपयोगी पडेना. कच्चा, अशुद्ध अर्क मात्र उपयोगी पडे. याचा अर्थ शुद्धीकरणाच्या क्रियेत काही तरी टाकले जात होते, आणि या स्त्रियांना नेमके तेच हवे होते. दोन रोगांची रक्तातील लक्षणे सारखी असली तरी उणीव दोन वेगवेगळ्या द्रव्यांची होती, हे यावरून स्पष्ट झाले. किण्वातील त्या अज्ञात द्रव्यास पुढे 'विल्सचा घटक' असे नाव पडले.

४

त्या घटकाचे रासायनिक रूप उलगडण्यास आणखी काही वर्षे लागली. १९४१ मध्ये टेक्सास विद्यापीठात मिचेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी चार टन पालकापासून एका आम्लाचा अल्पसा अंश वेगळा केला आणि लॅटिन 'फोलियम' म्हणजे पान, यावरून त्यास फॉलिक आम्ल हे नाव दिले. १९४५ मध्ये अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत त्याचे संश्लेषण झाले. तेथील संशोधनाचे प्रमुख येल्लाप्रगडा सुब्बाराव हे आंध्रातून गेलेले शास्त्रज्ञ होते. याच सुमारास फॉलिक आम्लासारखी रचना असलेली, पण त्याचे कार्य अडविणारी संयुगे तयार झाली, आणि १९४८ मध्ये सिडनी फार्बर याने बालकांच्या रक्तकर्करोगावर त्यांचा उपयोग केला. फोलेट अडविले असता पेशींचे विभाजन थांबते, यावरून त्याचा केंद्रकाम्लांशी निकट संबंध आहे हे सूचित झाले.

मारक रक्तक्षयावरील द्रव्यही १९४८ मध्येच हाती आले. अमेरिकेत फोकर्स व इंग्लंडात लेस्टर स्मिथ यांनी ब-१२ स्वतंत्रपणे वेगळे केले. त्याची गुंतागुंतीची रचना डॉरथी हॉजकिन हिने क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली, आणि तिला १९६४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या रेणूच्या मध्यभागी कोबाल्ट धातूचा अणू असतो. वनस्पती हे द्रव्य निर्माण करीत नाहीत. ते मुळात सूक्ष्मजंतूच तयार करतात आणि माणसास मुख्यतः प्राणिज अन्नातून मिळते. शाकाहारी माणसास त्याचा मुख्य आधार दूध, दही, ताक यांचाच असतो. पालेभाजीत फोलेट विपुल असते, ब-१२ मात्र नसते. ही साधी गोष्ट पुढच्या सर्व विवेचनाचा पाया आहे.

ही दोन द्रव्ये शरीरात एका ठिकाणी एकत्र येतात. होमोसिस्टीन या संयुगास फोलेटकडून मिथिल गट, म्हणजे एक कार्बन व तीन हायड्रोजन यांची लहानशी जुळणी, मिळते आणि त्यापासून मेथिओनीन तयार होते. ही देवघेव घडवून आणणाऱ्या विकरास ब-१२ लागते. मेथिओनीनपासून पुढे जे संयुग बनते ते शरीरातील असंख्य रेणूंना मिथिल गट पुरविते, आणि त्यांत डीएनएही येते. ब-१२ अपुरे असेल तर फोलेट मिथिलयुक्त रूपातच अडकून राहते व पुढील कामास येत नाही, ही उपपत्ती १९६२ च्या सुमारास मांडली गेली. ब-१२ च्या अभावात नुसते फॉलिक आम्ल दिल्यास रक्त सुधारते पण मज्जातंतूंची हानी चालूच राहते, असा अनुभव त्यापूर्वीच वैद्यांस आला होता. म्हणजे एकाची भरपाई दुसऱ्याची उणीव झाकू शकते. मुंबईत शुद्ध व अशुद्ध अर्कांच्या फरकातून जो भेद दिसला होता, त्याची ही दुसरी बाजू होय.

५

येथपर्यंत जीवनसत्त्व म्हणजे विकरास साहाय्य करणारे द्रव्य, अशीच कल्पना होती. ती बदलली ती नियमनाच्या विचारामुळे. १९६१ मध्ये जाकोब व मोनो यांनी जीवाणूंच्या अभ्यासातून असे दाखविले की, काही जनुकांचे कार्य दुसऱ्या जनुकांच्या नियंत्रणाखाली असते आणि पेशीच्या भोवतालचे अन्नद्रव्य त्या नियंत्रणात भाग घेते. १९८७ मध्ये शाँबाँ व एव्हान्स यांच्या गटांनी 'अ' जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या रेटिनॉइक आम्लाचा ग्राही स्वतंत्रपणे शोधून काढला. हा ग्राही डीएनएला चिकटतो आणि ठराविक जनुकांचे लेखन वाढवितो वा घटवितो. 'ड' जीवनसत्त्वाचे कार्यही अशाच ग्राहीमार्फत चालते. २००२ मध्ये येल विद्यापीठातील ब्रेकर यांच्या गटाने याहून थेट असा मार्ग दाखविला: जीवाणूंत ब-१२ चे सक्रिय रूप संदेशवाहक आरएनएलाच जाऊन बिलगते आणि त्या संदेशाचे वाचन थांबविते. तेथे मध्यस्थ प्रथिनाची गरजच उरत नाही.

सूक्ष्म आरएनएचा शोध १९९३ चा आहे. व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रवकुन यांना एका सूक्ष्म गोलकृमीत असे आढळले की, लिन-४ हे जनुक कोणतेही प्रथिन बनवीत नाही. त्यापासून सुमारे बावीस अक्षरांचा एक तोकडा आरएनए तयार होतो, आणि तो लिन-१४ या दुसऱ्या जनुकाच्या संदेशाच्या शेपटाशी जुळून त्यापासून प्रथिन बनू देत नाही. ही त्या कृमीचीच लकब असावी असे आरंभी वाटले. २००० मध्ये लेट-७ हा दुसरा तसाच रेणू सापडला व तो माणसासह अनेक प्राण्यांत आहे हे दिसले, तेव्हा मत बदलले. 'मायक्रो आरएनए' हे नाव २००१ मध्ये रूढ झाले, आणि २०२४ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक या दोघांस मिळाले.

या शास्त्राने आपली परिभाषा भाषाविचारातून उचललेली आहे: संकेत, अक्षर, प्रतिलेखन, भाषांतर. डीएनएचे आरएनएमध्ये होते ते प्रतिलेखन, आणि आरएनएवरून प्रथिन बनते ते भाषांतर. सूक्ष्म आरएनए जी क्रिया अडवितो ती भाषांतराची होय. मात्र या रूपकाचा मोह आवरला पाहिजे. सूक्ष्म आरएनएची संदेशाशी जुळणी बहुधा अपुरी असते. सातआठ अक्षरांची जुळणीही पुरते. त्यामुळे एकाच सूक्ष्म आरएनएचा परिणाम शेकडो संदेशांवर होऊ शकतो, आणि प्रत्येक संदेशावरचा परिणाम सहसा सौम्य असतो. मराठीतील 'नको' या निषेधापेक्षा 'जरा बेताने' या सूचनेशी त्याचे साम्य अधिक आहे. जनुक 'बंद' किंवा 'चालू' होते, ही लोकप्रिय भाषा येथे वस्तुस्थितीस धरून नाही.

६

दुसरा टप्पा पुण्याचा. तेथील के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी साउथॅम्प्टन येथील संशोधकांच्या सहकार्याने १९९३ मध्ये एक पाहणी सुरू केली. पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांचे गर्भधारणेपूर्वीपासून निरीक्षण करावे, त्यांचा आहार व श्रम नोंदवावे, आणि त्यांची मुले वाढत असता त्यांची वेळोवेळी तपासणी करावी, अशी योजना होती. साडेसातशेहून अधिक बालकांचा जन्म या पाहणीत नोंदला गेला. कुपोषणात वाढलेला गर्भ पुढील आयुष्यात मधुमेह व हृदयविकार यांस अधिक बळी पडतो, हा डेव्हिड बार्कर याचा सिद्धान्त तपासणे हे प्रारंभीचे प्रयोजन होते.

पहिला निष्कर्ष अनपेक्षित होता. पुण्याची नवजात बालके इंग्लंडातील बालकांहून सरासरी सुमारे आठशे ग्रॅमने हलकी होती. परंतु ही उणीव मुख्यतः स्नायू व इंद्रिये यांत होती, चरबीत फारशी नव्हती. दिसण्यात कृश, तरी प्रमाणाने चरबीयुक्त, अशी ही प्रकृती जन्मापासूनच असते, हे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखाने दाखविले. दुसरा निष्कर्ष आहाराविषयीचा आहे. मातेने घेतलेल्या एकूण उष्मांकांशी वा प्रथिनांशी बालकाच्या आकाराचा संबंध दुबळा निघाला. पालेभाज्या, फळे व दूध ती किती वेळा घेते याच्याशी तो अधिक दृढ निघाला. शोभा राव प्रभृतींनी हे २००१ मध्ये मांडले. सत्तर वर्षांपूर्वीच्या मुंबईतील पाहणीने ज्या अन्नपदार्थांकडे बोट दाखविले होते, जवळजवळ तेच पुन्हा समोर आले.

तिसरा निष्कर्ष २००८ चा, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तोच केंद्रस्थानी आहे. या मातांपैकी सुमारे दोन-तृतीयांश मातांच्या रक्तात ब-१२ अल्प होते. फोलेटचा अभाव मात्र जवळजवळ कोणातच नव्हता. मुले सहा वर्षांची झाल्यावर तपासणी केली असता, ज्यांच्या मातांच्या रक्तात फोलेट अधिक होते त्यांच्या शरीरात चरबी अधिक आढळली. आणि ज्यांच्या मातांत फोलेट अधिक पण ब-१२ कमी, अशा मुलांत इन्शुलिनचा प्रतिरोध सर्वांत अधिक होता. मुंबईत १९३१ मध्ये प्रश्न एका द्रव्याच्या अभावाचा होता. पुण्यात तो दोन द्रव्यांच्या असमतोलाचा झाला, आणि परिणामही रक्तक्षयासारखा तत्काळ दिसणारा न राहता पुढच्या पिढीत उमटणारा झाला. पहिल्या प्रकारचा परिणाम अभावरोगाच्या भाषेत सांगता येतो. दुसरा सांगण्यास नियमनाची भाषा लागते.

७

नियमनाचा दुवा दोन मार्गांनी शोधला जात आहे. पहिला मार्ग डीएनएच्या मिथिलीकरणाचा. २००३ मध्ये वॉटरलंड व जर्टल यांनी दाखविले की, गाभण उंदरीच्या आहारात फॉलिक आम्ल, ब-१२ इत्यादी मिथिलदायी द्रव्ये वाढविली असता विशिष्ट वंशाच्या पिलांच्या केसांचा रंग बदलतो, आणि हा बदल एका जनुकाजवळच्या मिथिलीकरणाशी निगडित असतो. हैदराबाद येथील पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील चांडक यांच्या गटाने पुण्याच्या संशोधकांसह ब-१२ च्या पूरक मात्रेचा अभ्यास केला. मधुमेहाशी संबंधित जनुकांच्या मिथिलीकरणावर तिचा परिणाम होतो, असे त्यांनी २०१८ मध्ये नमूद केले.

दुसरा मार्ग सूक्ष्म आरएनएचा. २००६ मध्ये अमेरिकेतील मार्सिट, एडी व केल्सी यांनी मानवी पेशी फोलेटविरहित द्रवात वाढविल्या, तेव्हा अनेक सूक्ष्म आरएनएंचे प्रमाण बदलले, आणि फोलेट पुन्हा दिल्यावर ते पूर्ववत होऊ लागले. त्याच वर्षी उंदरांवरील एका प्रयोगात फोलेट, मेथिओनीन व कोलीन यांची उणीव असलेल्या आहाराने यकृतात अर्बुदे झाली, आणि यकृतात विपुल असणारा मायक्रो आरएनए-१२२ घटलेला आढळला. पुण्याच्या प्रश्नाशी अधिक निकटचे काम २०१७ चे आहे. इंग्लंडातील वॉरिक विद्यापीठात सरवणन यांच्या गटाने ब-१२ च्या अभावात वाढविलेल्या चरबीच्या पेशी आणि ब-१२ अल्प असलेल्या गरोदर स्त्रियांचे रक्त, या दोहोंतील सूक्ष्म आरएनए तपासले. चरबीच्या पेशींची घडण नियंत्रित करणाऱ्या पीपीएआर-गॅमा या जनुकास लक्ष्य करणारे काही सूक्ष्म आरएनए बदललेले असून त्यांचा इन्शुलिनच्या प्रतिरोधाशी संबंध आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

हे दोन मार्ग परस्परांपासून वेगळे नाहीत. सूक्ष्म आरएनएदेखील डीएनएवरील जनुकांपासूनच बनतात, आणि त्या जनुकांच्या मिथिलीकरणात बदल झाल्यास त्यांचे प्रमाण बदलू शकते. उलट, मिथिल गट जोडणाऱ्या विकरांचे संदेशही सूक्ष्म आरएनएच्या प्रभावाखाली येतात. आहारातून आलेला मिथिल गट, डीएनएवरील खूण आणि सूक्ष्म आरएनए यांचे असे एक वर्तुळ कल्पिता येते. मात्र या वर्तुळाचे निरनिराळे भाग निरनिराळ्या ठिकाणी पाहिलेले आहेत: एक पेशींत, एक उंदरांत, एक गरोदर स्त्रियांच्या रक्तात. मातेच्या ताटातील ब-१२ पासून सहा वर्षांच्या मुलातील इन्शुलिनच्या प्रतिरोधापर्यंत अखंड साखळी एकाच अभ्यासात दाखविली गेलेली नाही. दोन गोष्टी बरोबर आढळणे आणि एकीमुळे दुसरी घडणे यांतील अंतर येथे कायम आहे.

हे अंतर कमी करण्याचा मार्ग म्हणजे प्रत्यक्ष पूरक आहार देऊन पाहणे. मुंबईच्या झोपडवस्त्यांत २००६ पासून चाललेल्या एका प्रयोगात पालेभाजी, फळे व दूध घालून केलेला खाऊ स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून दिला गेला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सर्व स्त्रियांचा एकत्र विचार करता बालकांच्या वजनात निश्चित फरक पडला नाही. ज्यांनी गर्भधारणेपूर्वी किमान तीन महिने तो खाल्ला, त्यांच्या बालकांचे वजन सरासरी ४८ ग्रॅमने अधिक भरले. पुण्यात २०१२ मध्ये मूळ पाहणीतील मुले किशोरवयात आल्यावर त्यांना ब-१२ ची अल्प दैनिक मात्रा देण्याचा प्रयोग सुरू झाला. त्यातील मुलींना पुढे जी अपत्ये झाली त्यांच्या विकासाची तपासणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. नुसते ब-१२ मिळालेल्या गटातील बालके बोधन व भाषा या दोन अंगांत तुलनेच्या गटाहून पुढे होती. तपासलेल्या बालकांची संख्या मोठी नव्हती, तेव्हा हा निष्कर्ष आशादायक असला तरी अंतिम मानता येणार नाही.

८

विदर्भाच्या दृष्टीने या इतिहासास आणखी एक बाजू आहे. नागपूर येथून शुक्ल व सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेल या आनुवंशिक दोषाविषयीचे निरीक्षण १९५८ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध केले. या विकारात तांबड्या पेशी लवकर नष्ट होतात, नव्या पेशी सतत घडवाव्या लागतात आणि त्यामुळे फोलेटची गरज वाढते. म्हणून रुग्णांना फॉलिक आम्ल नित्य दिले जाते. विल्सच्या घटकाचा उपयोग येथे जनुकदोषाचा भार हलका करण्यासाठी होतो. दोष जनुकात असला तरी त्याचे ओझे अन्नाने काही अंशी उचलता येते, याचे हे उदाहरण जवळचे आहे.

सार्वजनिक धोरणातही ही दोन द्रव्ये वेगवेगळ्या वेळी आली. गरोदर स्त्रियांना लोह व फॉलिक आम्ल यांच्या गोळ्या देण्याची राष्ट्रीय योजना १९७० ची. २०१८ च्या ॲनिमिया मुक्त भारत अभियानाने तिची व्याप्ती वाढविली. रक्तक्षयाच्या निवारणास हा उपाय आवश्यकच आहे, आणि पुण्याच्या निष्कर्षांवरून फॉलिक आम्ल टाळावे असा अर्थ काढणे सर्वथा चुकीचे ठरेल. गर्भाच्या मज्जारज्जूचे जन्मदोष रोखण्यातील त्याचे महत्त्व निर्विवाद आहे. प्रश्न आहे तो त्या गोळीत ब-१२ नसण्याचा. शिधावाटपातील फोर्टिफाइड तांदळाची घोषणा २०२१ मध्ये झाली. त्याच्या मानकात किलोमागे ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल आणि ०.७५ ते १.२५ मायक्रोग्रॅम ब-१२ ही दोन्ही धरलेली आहेत. दोन द्रव्यांचा विचार एकत्र करावा, हे तत्त्व निदान येथे मान्य झालेले दिसते. ज्या सडलेल्या तांदळापासून या शास्त्राचा आरंभ झाला, त्याच तांदळात पुढे ही द्रव्ये बाहेरून मिसळली जाऊ लागली, हेही नोंदण्यासारखे आहे.

९

या विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात.

पहिली, फोलेट व ब-१२ यांचा इतिहास हा दोन द्रव्यांचा समांतर इतिहास नसून एकाच संबंधाचा क्रमाक्रमाने झालेला उलगडा आहे. मुंबईत त्यांचा भेद कळला, रसायनशास्त्राने त्यांची गाठ दाखविली, आणि पुण्यात त्या गाठीतील असमतोलाचे पिढीपर्यंत पोहोचणारे परिणाम दिसले. सूक्ष्म आरएनए हा त्या परिणामांच्या वाटेवरील एक संभाव्य दुवा आहे, एकमेव नव्हे.

दुसरी, दोन्ही टप्प्यांवर प्रगती झाली ती प्रयोगशाळेतून घराकडे नव्हे, तर घराकडून प्रयोगशाळेकडे. विल्स व तळपदे यांनी चुलीपाशी काय शिजते हे आधी पाहिले. पुण्याच्या संशोधकांनी खेड्यातील स्त्रीच्या आहाराची व श्रमाची नोंद आधी केली. रेणूची ओळख त्यानंतर पटली.

तिसरी गोष्ट भाषेविषयीची आहे, आणि व्यवहारात तीच अधिक महत्त्वाची ठरण्याचा संभव आहे. 'मातेच्या आहाराने मुलाची जनुके बदलतात' असे वाक्य आज सहज लिहिले जाते. ते दोन प्रकारे सदोष आहे. जनुकांचा अनुक्रम बदलत नाही. त्यांच्या वाचनाचे प्रमाण बदलू शकते. आणि वाक्याच्या कर्तृपदी माता आली म्हणजे दोषही तिच्याकडे जातो. गिरणगावातील स्त्रीच्या अन्नात भाजीपाला नव्हता तो तिच्या निवडीने नव्हे. पुण्याच्या खेड्यातील स्त्रीस दूध किती मिळावे हे तिच्या एकटीच्या हाती नव्हते. मजुरी, बाजारभाव, घरातील जेवणाचा क्रम आणि शिधावाटपाचे नियम यांनी तो आहार ठरविलेला होता. नियमनाचे शास्त्र पेशीच्या आत जितके खोल जाईल, तितके त्या पेशीपर्यंत अन्न पोहोचविणाऱ्या या बाह्य नियमनाचे भान अभ्यासकाने राखले पाहिजे. शिक्षक व विद्यार्थी मराठीतून हा विषय मांडतील तेव्हा वाक्यातील कर्ता कोण, याचा विचार त्यांना प्रथम करावा लागेल.